सोन्याआधी सराफ पारखा



ऊस बिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला की तो कोठे कोठे जातो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. सोसायटीची वसुली होते, खतवाल्याची उधारी फिटते आणि घरात लग्न निघाले असेल तर उरलेल्यातला मोठा वाटा सराफाच्या गल्ल्यात पडतो. चैत्र-वैशाखात जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या आपल्या बाजारगावांत सराफी पेढीवर बसायला जागा मिळत नाही. आडसाली उसाला सोळा-अठरा महिने पाणी दाखवायचे आणि त्याचा पैसा अर्ध्या तासात, चहाचा कप संपेपर्यंत, मोजून द्यायचा. म्हणून या अंकात उसाचा विषय बाजूला ठेवून सराफ कसा निवडावा याविषयी चार गोष्टी सांगत आहोत.

आपण सभासद मंडळी कारखान्याच्या काट्यावर किती जागरूक असतो, ते आठवून पाहा. गाडी काट्यावर चढली की भरलेले वजन, रिकामे वजन, पावतीवरचा आकडा, सगळे आपण डोळ्यांनी बघतो. पाचटाची, बांधणीची वजावट थोडी जास्त लागली तर गटाच्या माणसाला धारेवर धरतो. वार्षिक सभेत उताऱ्याच्या दशांश टक्क्यावरून तास तास चर्चा होते. आणि हे योग्यच आहे, कारण त्या दशांशात आपला पैसा आहे. मग सोन्याच्या बाबतीत वजन म्हणजे काटा आणि शुद्धता म्हणजे उतारा, एवढी साधी गोष्ट आपण का विसरतो? तिथे मात्र आपण म्हणतो, “आपलाच माणूस आहे, तो काय फसवणार?”

तीन पिढ्यांचा सराफ असणे ही चांगली गोष्ट आहे, त्याविरुद्ध आम्हाला काही म्हणायचे नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांत इमानाने धंदा करणारे पुष्कळ सराफ आहेत. जुन्नर तर सातवाहन काळापासूनची पेठ. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दान दिल्याचा शिलालेख इथल्या लेण्यांत आहे. पण ओळख वेगळी आणि खात्री वेगळी. ओळखीच्या माणसाला हिशेब विचारायचा संकोच वाटतो, आणि लबाडी असली तर ती या संकोचातच दडून राहते. जो खरा असतो त्याला विचारलेले आवडते; तो स्वतःहून काटा आपल्याकडे फिरवतो.

उधारीचेही तसेच आहे. “बिल आल्यावर द्या की” असे म्हणून दागिना हातात ठेवणारा सराफ अडचणीत उपयोगी पडतो, हे खरे. पण उधारीवर सोने नेणाऱ्याला भाव विचारता येत नाही आणि घडणावळीत घासाघीस करता येत नाही. त्यातून नोंद फक्त त्याच्याच वहीत असते. आपल्याच जिल्ह्यात सुप्याला १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले. त्या काळी कागद सगळे एकाच बाजूच्या हातात होते. आता तसे राहू द्यायचे कारण नाही. उधारी केलीच तर त्या दिवशीचा भाव, वजन आणि बाकी रक्कम लिहिलेला सहीचा कागद आपल्याही घरी हवा.

पहिला प्रश्न मोडीचा

आमच्या मते सराफाची खरी परीक्षा घेताना होत नाही, मोडताना होते. म्हणून दुकानात बसल्यावर आजचा भाव काय, हे विचारण्याआधी दुसरेच विचारावे. “शेठ, हाच डाग उद्या मी तुमच्याकडे मोडीला आणला, तर काय धराल?” जो सरळ सांगेल, “त्या दिवशीच्या २२ कॅरेटच्या भावाने, नक्त सोन्याच्या वजनावर, अमुक एवढी वजावट,” आणि तेच बिलाच्या पाठीवर लिहून देईल, त्याच्याकडे पुढची बोलणी करावीत. जो म्हणेल, “अहो, लग्नाच्या वेळी मोडीचं काय अभद्र बोलता,” त्याला नमस्कार करून उठावे. आमच्याकडे सोने हौसेसाठी असते तसे अडीनडीसाठीही असते. विहीर आटली, दवाखाना निघाला, की तेच पुढे करावे लागते. त्यात अभद्र काही नाही.

आता बिलाचा हिशेब बघू. आकडे सोपे जावेत म्हणून शुद्ध, म्हणजे २४ कॅरेट सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. २२ कॅरेट म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने, म्हणून त्याचा भाव ग्रॅमला सुमारे ९,१६६ रुपये झाला. २० ग्रॅमची मोहनमाळ घेतली तर सोन्याचे १,८३,३२० रुपये. घडणावळ शेकडा १२ धरली तर तिचे २१,९९८. दोन्हींवर ३ टक्के जीएसटी, ६,१६० रुपये. एकूण बिल २,११,४७८. ही माळ दुसऱ्या दिवशी त्याच भावाने मोडली तरी हातात जास्तीत जास्त १,८३,३२० रुपयेच येणार. २८ हजार रुपये घडणावळीत आणि करात गेले. त्यात सराफाची लबाडी काहीच नाही, तो व्यवहारच तसा आहे; पण तो घेणाऱ्याला आधी कळला पाहिजे. भाव सगळीकडे जवळजवळ सारखाच असतो, बोली करायची ती घडणावळीची. आणि “घडणावळ मुळीच नाही” अशी पाटी दिसली तर ती दुसऱ्या कशात धरली आहे याचा शोध घ्यावा. कधी ती ‘घट’ म्हणून वेगळी लावलेली असते. कधी २२ कॅरेटच्या डागाला २४ कॅरेटचा भाव लावलेला असतो. भावाच्या पाटीवर दोन्ही आकडे असतात, आपला डाग कोणत्या आकड्याने धरला ते बोट ठेवून विचारायचे.

या उदाहरणातली रक्कम दोन लाखांच्या वर गेली आहे, तेव्हा जाता जाता एक सांगतो. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला बंदी आहे. म्हणून एवढ्या खरेदीला चेक किंवा खात्यावरून रक्कम द्यावी. त्याने आपलाही पुरावा तयार होतो. “बिल नको म्हणा, कर वाचवून देतो,” असे सांगणारा आपले तीन टक्के वाचवतो आणि आपली सगळी दाद बुडवतो.

शिक्क्याचे ज्ञान

जुन्या मंडळींना १४ कॅरेटचा जमाना आठवत असेल. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि नवा दागिना १४ कॅरेटच्या वर घडवायचा नाही असे ठरले. सोनार मंडळींची त्यात फार ओढाताण झाली. पुढे ती अट सैल झाली, १९६८ चा कायदा आला आणि १९९० साली तोही रद्द झाला. त्यानंतर ग्राहकाला आधार फक्त सराफाच्या शब्दाचा आणि कसोटीच्या दगडाचा होता. भारतीय मानक ब्यूरोची हॉलमार्क योजना २००० साली सुरू झाली, पण ती ऐच्छिक होती. २३ जून २०२१ पासून ती ठरावीक जिल्ह्यांत सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून तिथे सहा अक्षरी क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही.

डागावर भिंगातून तीन खुणा दिसल्या पाहिजेत. पहिली ब्यूरोची त्रिकोणी खूण. दुसरी शुद्धतेची: २२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५. तिसरी सहा अक्षरे-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक, जो प्रत्येक नगाला वेगळा असतो. हा क्रमांक मोबाईलवरच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घातला की कोणत्या सराफाने, कोणत्या केंद्रावर, कोणत्या प्रकारचा डाग, किती शुद्धतेचा म्हणून तपासून घेतला, ते समोर येते. पाटलीवरचा क्रमांक घातला आणि ॲपमध्ये अंगठी दिसली, तर पैसे देऊ नयेत. हे सगळे दुकानातच, पैसे देण्याआधी करायचे. शाळेत जाणारी मुले हे काम दोन मिनिटांत करतात, त्यांना बरोबर न्यावे.

“हॉलमार्कने डाग महाग पडतो” असे कोणी म्हणाले तर ऐकू नये. २०२२ साली ठरलेला दर सोन्याच्या नगाला ४५ रुपये आणि वर कर, एवढाच होता. लाखाच्या डागात तेवढ्याने काय फरक पडणार?

मात्र शिक्का सर्व काही सांगत नाही. तो शुद्धता सांगतो; घडणावळ वाजवी आहे का, वजन बरोबर धरले आहे का, हे त्याला माहीत नाही. शिवाय २ ग्रॅमच्या आतल्या नगांना आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असलेल्या दुकानदारांना सक्तीतून सूट आहे. म्हणजे गावातल्या लहान सोनाराकडे शिक्का नसला म्हणून तो लबाड ठरत नाही. अशा वेळी बिलावर ‘२२ कॅरेट, ९१६’ असे त्याच्या हातचे लिहून घेणे, हाच उपाय.

अजूनही बायका-पुरुष दुकानात गेल्यावर “केडीएम आहे ना?” असे विचारतात. केडीएम ही शुद्धतेची खूण नव्हेच. डाक लावताना कॅडमियम हा धातू वापरतात, त्यावरून ते नाव पडले. त्याची वाफ कारागिराच्या फुप्फुसाला घातक असते, म्हणून ब्यूरोने त्याला मनाई केली. जो सराफ आजही केडीएम म्हणून मोठेपणा सांगतो, तो एक तर जुन्यात अडकला आहे किंवा आपल्याला अडाणी समजतो.

लाख, मणी आणि तोळा

आपल्याकडचे जुने घाट बघा. बोरमाळेचे मणी, मंगळसूत्राच्या वाट्या, गोठ, काही पाटल्या आतून पोकळ असतात. पत्रा पातळ असतो, तो चेपू नये म्हणून आत लाख भरतात. ही परंपरागत पद्धत आहे, फसवणूक नव्हे. फसवणूक होते ती लाख सोन्याच्या भावाने विकली तर. समजा काट्यावर २० ग्रॅम भरलेल्या बोरमाळेत ६ ग्रॅम लाख आहे. वरच्या भावाने त्या लाखेचे ५५ हजार रुपये झाले. हे घेताना कळत नाही. कळते ते सोनेतारणासाठी बँकेत गेल्यावर. तिथला मूल्यांकन करणारा लाख, खडे, मणी सगळे वजा करून १४ ग्रॅम लिहितो आणि घरची बाई त्याच्याकडे चोरासारखी बघते. चोर तो नसतो.

म्हणून बिलावर दोन वजने हवीत: एकूण वजन आणि नक्त सोन्याचे वजन. हॉलमार्कच्या डागाच्या बिलावर नगाचे वर्णन, नक्त वजन, कॅरेट व शुद्धता आणि हॉलमार्कचा आकार वेगवेगळा लिहिणे सराफावर बंधनकारक आहे. काळे मणी, नथीचे मोती, पुतळ्यांच्या माळेचा गोफ, खडे, हे ओवण्याआधी वेगळे तोलून घ्यावेत. काट्यावर डाग ठेवण्याआधी आकडा शून्य आहे का बघावे, वरचा पंखा बंद करायला सांगावा आणि वैधमापन विभागाचे त्या काट्याचे पडताळणी प्रमाणपत्र भिंतीवर आहे का, तेही नजरेने टिपावे. आपल्या कारखान्याच्या काट्याची पडताळणी होते तशी याचीही व्हावी लागते.

तोळ्याचा घोळ याहून जुना. बारा मासे म्हणजे एक तोळा, आठ गुंजा म्हणजे एक मासा, असा आपला जुना हिशेब. तो तोळा ११.६६ ग्रॅमचा. आता बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम असे सर्रास बोलतात. बैठकीत “पाच तोळे घालू” असे ठरते. आजी ५८.३ ग्रॅम समजते, सराफ ५० ग्रॅम देतो. फरक सव्वाआठ ग्रॅमच्या वर, वरच्या भावाने ७६ हजारांवर. यावरून लग्नमंडपात वाद झालेले आपण ऐकले आहेत. बैठकीच्या यादीतच ग्रॅम लिहावेत; बिलावर तर ग्रॅमच असतात.

जुने मोडून नवे करताना

सर्वांत जास्त गैरसमज इथे होतात, आणि प्रत्येक वेळी दोष सराफाचाच असतो असे नाही. समजा आजीच्या पाटल्या आणि डोरले मिळून ४० ग्रॅम सोने आटवायला दिले. मळ, लाख जळून लगड ३८.५ ग्रॅमची निघाली. जुन्या डागांत डाकेचे सांधे फार, म्हणून तपासणीत ती २० कॅरेट, म्हणजे ८३३ उतरली. शुद्ध सोने झाले ३२.०७ ग्रॅम. त्यातून २२ कॅरेटचे ३५ ग्रॅम सोने होते. घरात म्हणतात, “चाळीस दिले, पस्तीस आले, पाच खाल्ले.” वास्तविक कोणी काही खाल्लेले नाही. पण हा हिशेब आपल्यासमोर मांडला गेला नाही, तर संशय घेणाऱ्याचा तरी काय दोष?

म्हणून आटणी डोळ्यांसमोर करून घ्यावी. आधी मणी-खडे काढून वजन, मग मुशीतून निघालेल्या लगडीचे वजन, मग तिची तपासणी, आणि तिन्ही आकडे एका कागदावर. दुकानात आटणी नसेल तर सराफाबरोबर गलाईवाल्याकडे जावे. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडी भागातले हे गलाई बांधव देशभर आटणीचे काम करतात, त्यांना समोर बसून आटवून घेणारे गिऱ्हाईक नवे नाही. “ठेवून जा, संध्याकाळी या” म्हणणाऱ्याकडे मात्र ठेवून जाऊ नये.

तपासणीबद्दलही एक सांगायला हवे. दुकानातले कॅरेट मोजायचे यंत्र वरचा थर वाचते. जाड मुलाम्याखाली काय आहे ते त्याला नीट दिसत नाही. मान्यताप्राप्त केंद्रावर पक्की परीक्षा अग्नीची असते. नमुन्याचा कण शिसे आणि चांदीबरोबर भट्टीत तापवतात, मग नायट्रिक आम्लात चांदी विरघळवून उरलेले सोने तोलतात. अशी केंद्रे पुण्यात आहेत आणि सामान्य ग्राहकही तिथे आपला डाग नेऊ शकतो. २०२२ च्या दरानुसार चार नगांपर्यंत २०० रुपये, पाच किंवा जास्त असतील तर नगाला ४५ रुपये. बसभाडे धरून एका दिवसाचे काम आहे.

हॉलमार्कचा डाग कमी शुद्धतेचा निघाला तर ब्यूरोच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळतो. वरची २० ग्रॅमची मोहनमाळ २२ ऐवजी १८ कॅरेटची निघाली, तर फरक ३३,३२० रुपयांचा आणि भरपाई ६६,६४० रुपयांची. पण बिल हवे. बिल नसेल तर कोणत्या दुकानाची माळ, हेच सिद्ध होत नाही.

भिशीचे हप्ते

दुकानदार महिन्याला हप्ते घेतात आणि ११ भरले की बारावा आपण घालतात. ही मुदत अकरा महिन्यांचीच का? कंपनीने मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती झाली नाही, तर २०१४ च्या नियमांनी ती ठेव ठरते, आणि ठेवी घेण्याची परवानगी सराफाकडे नसते. तेव्हा ‘दोन वर्षे ठेवा, अमुक टक्के व्याज देतो’ असे सराफ म्हणाला की तिथून निघावे. गुडविन ज्वेलर्सची ठाणे, मुंबई, पुणे भागातली दुकाने ऑक्टोबर २०१९ मध्ये ऐन दिवाळीत बंद झाली. ठेवी आणि भिशी भरलेले लोक कुलपासमोर उभे राहिले, डिसेंबरमध्ये मालक भावांना अटक झाली. दुकान चकचकीत होते, शाखाही पुष्कळ होत्या. सराफाने सोने विकावे आणि व्याजाचे काम बँकेने करावे.

तक्रार करायची वेळ आलीच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे. पुण्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचे काम पुण्यातच सुरू केले. हक्काचे बोलायची सवय आपल्या जिल्ह्याला नवी नाही.

बिल कोणाच्या नावाने करावे, हेही घरात आधी ठरवावे. डाग सुनेच्या किंवा लेकीच्या अंगावर घालायचा असेल तर बिल तिच्या नावाने करावे. स्त्रीधन कोणाचे हा प्रश्न पुढे कधी उभा राहिला तर तोच कागद तिच्या कामी येतो. आणि अलीकडे यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात. तसले बिल असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढून घ्यावी, एचयूआयडी क्रमांक वहीत उतरवावेत आणि ती वही डागांच्या डब्यात न ठेवता वेगळ्या जागी ठेवावी.